बिनदाराच्या घराची आंघोळ

या मंडळी, टाळ ठेवा खाली आणि जरा जवळ सरका. कीर्तनाला अवकाश आहे, तोवर शिंगणापूरच्या गहिनीनाथाच्या भिंतीची गोष्ट ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, देवाला हसरी माणसं आवडतात.

सप्ताहाचे कीर्तनकार राधाकृष्ण महाराज यांच्या दुपारच्या जेवणाचा मान यंदा गहिनीनाथाला मिळाला होता. मान मोठा, पण घराची दर्शनी भिंत गाड्यांच्या धुळीनं नि शेवाळानं काळवंडलेली. महाराजांना अशा घरात कसं बोलवायचं?

"रिठ्याचं पानी करते, मऊ फडक्यानं हळूहळू पुसू," बायको बनुबाई म्हणाली. "जोर लावला की मळ ऱ्हातो अन् रंग जातो."

पण गहिनीनाथाचं लक्ष कुठलं! त्यानं घोडेगावच्या मेव्हण्याकडून गाड्या धुवायचं मशीन आणलं होतं. "ट्रॅक्टरचा चिखल निघतो, भिंतीची काय बिशाद!" म्हणत त्यानं बटण दाबलं.

पहिल्या फवाऱ्यात धूळ उडाली, गहिनीनाथाची छाती फुगली. दुसऱ्या फवाऱ्यात पोपटी रंगाचा पापुद्रा उडाला आणि शेजारच्या रंभाजीच्या म्हशीच्या कपाळावर जाऊन बसला.

"गहिन्या, भिंत धुतो का म्हैस रंगवतो?" रंभाजी ओरडला.

"जुना रंग हाय, निघायचाच!" गहिनीनाथानं जोर आणखी वाढवला.

इकडे महाराज ठरल्या वेळेआधीच आले, तेही मागल्या अंगानं. शिंगणापूरचं घर, शनिदेवाच्या भरवशावर गावात कुणाच्याच चौकटीला दार नाही, नुसता पडदा. वाजवणार काय? "रामकृष्णहरी" म्हणत ते आत येऊन पाटावर टेकले. बनुबाईनं पुढचा पडदा सारून दोन्ही हात हलवले, "अवो, बंद करा! म्हाराज आलेत!" मशीनच्या घरघरीत ते कुठलं पोचायला? बायको शाबासकी देतेय असं समजून गहिनीनाथ खुलला, आणि त्यानं नळी थेट चौकटीकडं वळवली. बनुबाई बाजूला झाली. पडदा उडाला. पुरणाच्या पातेल्यावर झाकण होतं, ही देवाची कृपा. महाराजांवर नव्हतं.

महाराज बाहेर आले, तेव्हा फेट्याचं टोक नाकावर आणि कपाळाचं गंध हनुवटीवर होतं.

"म्हाराज, चुकलो!"

"चुकलास कुठं? नेम तर बरोबर लागला की!"

महाराजांचं धोतर दोरीवर वाळत पडलं. गहिनीनाथाची लुंगी-बनियन घालून ते म्हणाले, "रिकामं बसून काय करू? माय, आण ते फडकं."

"खालून वर भिजवा, म्हंजी वघळ उठत न्हाईत," बनुबाई सांगू लागली. "अन् दाबू नका. जोर लावला की मळ ऱ्हातो अन् रंग जातो. ह्यांना सकाळधरनं हेच सांगते."

उरलेली भिंत नव्यासारखी उजळू लागली. तेवढ्यात सप्ताह कमिटीचे अजिनाथ आले. "ओ पेंटर, म्हाराज जेवले का?"

"न्हाई अजून. अन् पेंटरला बी वाढत्यात का, तेवढं इचारा."

आवाज ओळखताच अजिनाथांनी चिखलातच लोटांगण घातलं.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. मनाच्या मळावर बोलताना महाराज म्हणाले, "बाबांनो, जोर लावला की मळ राहतो अन् रंग जातो!" मंडप डोलला. सगळ्यात मोठ्यानं गहिनीनाथ ओरडला, "वा म्हाराज! आसं आमाला आजवर कुनी सांगितलंच न्हाई!"

महाराजांनी टाळ थांबवून हसत बायकांच्या बाजूला हात जोडले. तिथं बनुबाईनं तोंडाला पदर लावला होता. गहिनीनाथानं मागं वळून पाहिलं, महाराज कुणाला नमस्कार करतायत ते.

आता ते वाक्य गावोगाव महाराजांच्या नावावर चालतं. चालू द्या. पण तुम्ही भिंत पुसायला फडकं हातात घ्याल, तेव्हा आमच्या बनुबाईची आठवण तेवढी ठेवा.