घाट उघडा राहिला त्याचे वर्तमान

श्री. तोलणाऱ्या हातास नमन, तोललेले खरे सांगणाऱ्या जिभेस दोनदा नमन. शके १५६०, बहुधान्यनाम संवत्सरे, माघ वद्य पंचमीस एका राज्यात जे घडले ते ऐसे.

त्या राज्यास एकच घाट होता आणि घाटावर चौकी होती, आणि आत काय आले, बाहेर काय गेले ते चौकीवर लिहीत. त्या साली आलेला माल गेलेल्याहून पन्नास हजार होनांनी अधिक भरला. मग थोरल्या महाराजांचा दंडक ऐसा की, ही तूट राज्याच्या सालाच्या पैदाशीशी ताडावी, आणि शंभरात पाचांहून अधिक निघाल्यास घाट वर्षभर बंद करावा. पैदास मोजावयास मोजणीदार घरोघर फिरे, परंतु त्यास खळ्यांवरचे धान्यच तेवढे दिसे. ती पाच लाख होनांची निघाली. मग अमात्य गणोजीपंतांनी भागाकार केला आणि शंभरात दहा ऐसे उत्तर येताच कपाळास हात लाविला, आणि महाराजांनी घाट बंद करण्याचा हुकूम लिहावयास सांगितले.

तेव्हा साळ्यांच्या पेठेची मुखत्यार गोजराबाई मुजरा करून पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, आमची नीळ घाटावरून येते. घाट मिटला तर सातशे माग मिटतील."

पंत बोलते जाहले, "मग पांढरे विणा, बाई! पांढऱ्यास काय धाड भरली?"

"पंत, तुमच्या खांद्यावरचे निळे उपरणे कोणत्या खळ्यावर पिकले?"

दरबार हसला आणि महाराजही हसले, आणि मग एकाएकी थांबले. "सातशे माग? आमच्या मोजणीत तर एकही नाही."

मागे उभ्या साळ्यांनी तिचा पदर ओढला. "गोजराक्का, गप! कर बसेल ना!"

गोजराबाईने क्षणभर घाटाचा विचार केला आणि क्षणभर कराचा, आणि मग पदर सोडवून घेतला. "मोजणीदार येतो त्या दिवशी आम्ही मागांवर कडबा रचतो, महाराज. आजा रचायचा, बाप रचायचा, मीही रचते. तो विचारतो, गोठा का? आम्ही म्हणतो, होय."

मग हुकूम लिहिणाऱ्याची लेखणी थांबली, आणि तेल्यांनी घाणे कबूल केले, आणि तांबटांनी भट्ट्या कबूल केल्या, आणि पंधरा दिवस नवी मोजणी चालून पैदास पंचवीस लाखांची ठरली. पंतांनी पुन्हा भागाकार केला. शंभरात दोन.

"शाबास पंत! तूट घटविलीत!"

"तूट कवडीने हलली नाही, महाराज. राज्य मात्र पाचपट निघाले."

"म्हणजे एवढ्या मोठ्या राज्याचे आम्ही राजे, आणि आम्हांस कोणी सांगितले नाही?" ऐसे म्हणून महाराजांनी घाट उघडा ठेविला, आणि त्याच शाईने मागांवर कर बसविला.

एवंच, तूट होती तितकीच राहिली, नीळ आली, आणि कराच्या रागाने पेठ गोजराबाईशी वर्षभर बोलली नाही. परंतु सातशे मागांचा खडखडाट एवढा होता की, कोणी बोलत नाही हे तिच्या ध्यानीच आले नाही.