शेवट नसलेल्या कथांची जुनी प्रत

माझ्या पुस्तकाची एक प्रत शोधायला अर्धा दिवस पुरे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिने मुकाट्याने दोन दिवसांच्या भाकरी बांधल्या.

एकावन्न साली मी माझा पहिला कथासंग्रह पदरमोड करून छापला होता. कथा प्रयोगशील होत्या, म्हणजे त्यांना शेवट नव्हता. बहुतेक प्रती शाळेच्या कपाटात वाळवीने संपवल्या, उरलेल्या मी भेट देऊन टाकल्या. आता सहा वर्षांनी नागपूरच्या एका प्राध्यापकांचं कार्ड आलं. नव्या लेखकांची पहिली पुस्तकं ते जमवत. हाताळलेली का होईना, एक प्रत हवी, मासिकात तुमच्यावर लिहायचं आहे, रविवारी सावलीला येतो, असा मजकूर. आणि माझ्या घरात एकही प्रत नव्हती!

आधी राइस मिलवाल्या गुणवंतरावांना गाठलं. त्यांनी खाली बघत कबूल केलं, की पुस्तक भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. भाचा भैयाजी चांद्याला कारकून. बसच्या टपावरच्या कोंबड्यांचा कलकलाट ऐकत चांदा गाठला. भैयाजी म्हणाला, रद्दीबरोबर जहीरमियाँकडे गेलं. जहीरमियाँ जुनी पुस्तकं बांधून विकत. त्यांना पुस्तक चांगलं आठवत होतं. आतलं नव्हे, त्यांनी चढवलेलं हिरवं कापड.

"एक बाई ले गयी," ते म्हणाले. "बोली, हमारे सावली के मास्तर का नाम है इसपे."

ती बाई म्हणजे सुगंधाबाई. माझ्या घरापासून तिसरं घर! रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, बायांची टोळी घेऊन जायच्या. शनिवारी संध्याकाळी धुळीने माखून मी त्यांच्या दारात बसलो.

त्यांनी लगेच पुस्तक आणून दिलं. उघडलं तर प्रत्येक कथेखाली पेन्सिलीने ठळक अक्षरात मजकूर.

"हे काय, सुगंधाबाई?"

"बायांले वाचून दाखवत होती मी. तुमच्या गोष्टी मधातच थांबते, मास्तर. बाया उठालेच तयार नाई. मंग काय करू? पुऱ्या करून टाकल्या."

एका कथेत माझा नायक अकरा पानं स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहून विचार करतो. सुगंधाबाईंनी त्याला आत नेलं, पाय धुवायला लावले आणि जेवायला वाढलं.

रविवारी सकाळी रबर घेऊन बसलो. पहिल्याच पानाला भोक पडलं, तेवढ्यात प्राध्यापक आले.

ते वाचत राहिले. चहा निवला. मग चष्मा काढून म्हणाले, "छापलेलं मला खरं सांगायचं तर फारसं उमगलं नाही. पण हे शेवट! हे तुम्ही मागाहून लिहिलेत?"

मी खोकलो. त्यांनी तो होकार समजला, आणि मी समजू दिला. पाचेक मिनिटं मी मोठा लेखक होतो. मग त्यांनी विचारलं, हा माणूस जेवणाआधी पाय का धुतो? यामागे काय आहे?

खोटं पुढे रेटायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा चांद्याच्या बसमध्ये राहिला होता. खरं काय ते सांगितलं आणि त्यांना तिसऱ्या घरी नेलं.

"अकरा पानं बाहेर उभा होता ना तो?" सुगंधाबाई म्हणाल्या. "पाय मळले नसन काय त्याचे?"

प्राध्यापकांनी ते वहीत उतरवलं. मग मास्तरांच्या कथा कशा वाटतात, असं विचारलं. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी जपून उत्तर दिलं.

"सुरुवात बरी करते मास्तर."

तेही वहीत गेलं. दुपारच्या बसने प्राध्यापक गेले. पुस्तक सुगंधाबाईंनी त्यांना खुशीने देऊन टाकलं. त्यांना बसवून परतताना मी सुगंधाबाईंच्या दारात थांबलो आणि चाचरत म्हणालो, की घरी एक नवी कथा आहे, आठ महिने झाले लिहितोय.

"शेवट हाये तिले?"

"नाही."

"मंग आणून ठेवून जा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी या."