चषकाचा कान

यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, असे आबांनी रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर आधीच जाहीर करून टाकले. "आणि ठेवूही नका," ते म्हणाले. "मी स्वतः तिथे होतो, तरी माझा बसत नाही."

प्रकरण साधे होते. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या सुनेचे गाणे होते, आयुष्यातले पहिले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिने स्वतःचा रुमाल टाकून आबांसाठी राखली होती. आबांनी येण्याचा शब्द दिला होता. सगळे उरकले तेव्हा खुर्चीवर रुमाल तेवढा होता. आता ती टेबलाशेजारी उभी राहून इस्त्री करत होती आणि "कुठे होता?" असे तिने अजून विचारले नव्हते. हे न विचारणेच आबांना जड जात होते. मुलगा वर्तमानपत्रामागे होता.

शंकेला एकच जागा होती, ती आबांनी स्वतःच बुजवली. काल टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. आबा या स्पर्धेचे पहिल्या पर्वापासूनचे भक्त. पहिला विजेता आठवला तरी डोक्यावर काटा येतो, असे ते सांगत. डोके इतके तुकतुकीत होते की आला असता तर दिसला असता. पण यंदाचे पर्व अगदीच पडले. स्पर्धक आवाजावरून नव्हे, घरच्या हलाखीवरून निवडलेले. परीक्षक गाणे सुरू होण्याआधीच उभे राहून टाळ्या वाजवणारे, म्हणजे मध्येच उठायचा त्रास नको. "त्या कार्यक्रमाशी माझा संबंध संपला," असे आबांनी घरात, जिन्यात आणि खालच्या न्हाव्याच्या दुकानात रीतसर घोषित केले होते.

"म्हणून तर तक्रार केली," आबा म्हणाले. "वाहिनीकडे. यंदा सूर लागत नाही, अशी. काल तुझ्या गाण्याला निघालो, कोपऱ्यावर गाडी थांबली. आत वाहिनीचे दोन कर्मचारी. म्हणाले, तक्रार निकाली काढायची आहे, तक्रारदार समक्ष हवा."

"तुम्ही बसलात?" मुलाने पानाआडून विचारले.

"अरे, पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर जन्म काढला मी. तक्रारदार समक्ष हवा, हे लोकांना मीच ऐकवत आलो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?"

स्टुडिओत त्यांना तक्रार निवारण कक्षात नेले. तिथल्या बाईंनी खेद व्यक्त केला आणि सूर हा विषय आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे सांगितले. सूर ध्वनी विभागाकडे. ध्वनी विभागात कळले, की सूर यंत्र लावते. पण यंदा यंत्रानेही हात टेकले, म्हणून सध्या सगळी भिस्त अश्रू विभागावर आहे. अश्रू विभागात प्रेक्षक रांगेने रडत होते आणि कॅमेरा ते टिपत होता. मंच रिकामा होता.

"मी विचारलं, गाणं कुठाय? तर म्हणे, गाणं नंतर. आधी अश्रू, मग त्या मापाचं गाणं."

"आणि तुम्ही रडलात," सून म्हणाली.

"येईना ना रडू. मग त्यांनी विचारलं, तुमचं काही दुःख? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, या घडीला माझी सून गातेय आणि तिच्यासमोर माझी खुर्ची रिकामी आहे."

इस्त्री क्षणभर थांबली. आबांनी ते पाहिले आणि त्यांना बळ आले.

"सगळा विभाग ढसाढसा रडला. परीक्षक उभे राहिले. मला थेट अंतिम फेरीत घेतलं. म्हटलं, मला गाता येत नाही. तर म्हणे, ती अट यंदा शिथिल केली आहे."

मग आबा मंचावर गेले, विजेतीच्या उजव्या हाताला उभे राहिले, आणि त्यांनी ते पाहिले जे जवळ असलेल्यालाच दिसावे: चषक उचलताना त्याचा एक कान तुटून विजेतीच्या हातात आला आणि परीक्षकांनी तो तळव्याने दाबून धरला, फोटो होईपर्यंत. वाचकहो, तुम्हीही हे पर्व बघत नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर सांगावे लागते.

"कान तुटला, ते खरं आहे," सून म्हणाली.

आबांचा चेहरा उजळला. "मग? सांगत काय होतो?"

"पण उजव्या हाताला सूत्रसंचालक होता. तुम्ही नव्हता."

"तुला काय माहीत? तू तर गात होतीस."

"एक गाणं गायले. मग मागून कोणीतरी म्हणालं, टीव्हीवर निकालाची वेळ झाली, जरा प्रोजेक्टरचा पडदा सोडता का. सोडला. माझ्या डोक्यावरच सोडला, मी बाजूला झाले. सगळे शेवटपर्यंत बसले होते, आबा. एकमेकांना सांगत होते, यंदा काही दम नाही, आम्ही तर बघतच नाही."

"कोण म्हणालं पडदा सोडा?"

सुनेने वर्तमानपत्राकडे पाहिले. वर्तमानपत्राने बऱ्याच वेळात पान उलटले नव्हते.

आबा खरोखरच दुखावले. कप बशीत आदळला. "हिचं गाणं थांबवून? काही चाड आहे का लोकांना? आणि कशासाठी, तर इतकं टाकाऊ पर्व. अरे, ज्याला गाण्यातलं थोडं तरी कळतं तो त्या टीव्हीसमोर मिनिटभर बसेल का?"

सुनेने इस्त्री बाजूला ठेवली, रुमालाची घडी आबांच्या कपाशेजारी ठेवली आणि धुवायच्या ढिगातून त्यांचा कालचा सदरा वर काढला.

"आबा, या कॉलरवर काळे केस आहेत," ती म्हणाली. "न्हाव्याच्या दुकानात टीव्ही आहे, आणि तुमच्या डोक्यावर केस तर मी या घरात आल्यापासून पाहिलेले नाहीत."