साठ किलो लोखंडाचं चयापचय

"या शहरातला एकही काटा मला फसवू शकत नाही!"

मिलिग्रामसाहेबांचं हे ठरलेलं वाक्य. वजनमापं खात्यात सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायला घेत आणि मग कपाळावरचा घाम!

तर या गृहस्थांनी एकदा घरी वजनाचं नवं यंत्र आणलं. काचेचं, पातळ, वर चार धातूच्या पट्ट्या. अनवाणी उभं राहिलं की पायांतून अगदी हलकी वीज सोडायचं. चरबी विजेला अडवते, स्नायूंतून ती झरझर जाते. त्यावरून शरीरात काय किती आहे याचा अंदाज बांधून ते सगळे आकडे फोनवर पाठवायचं.

"आणि चयापचयाचा दरसुद्धा! म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला किती ऊर्जा जाळतं, तो आकडा!" साहेबांनी बायकोला सांगितलं.

"नुसतं पडून राहायला मिळतंय कुणाला?" बायको म्हणाली. बाई एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या. गेले सहा महिने त्यांना सारखा थकवा यायचा. भर उन्हाळ्यात स्वेटर घालायच्या. "आणि मी काही चढणार नाही त्यावर. सांगून ठेवते."

साहेबांनी तरीही फोनमध्ये दोघांची खाती उघडली. बायकोच्या खात्यात अंदाजाने साठ किलो टाकलं. घरात कुणीही उभं राहिलं की वजनावरून माणूस ओळखायचा आणि त्याच्या खात्यात नोंद करायची, ही त्या यंत्राची हुशारी.

शुक्रवारी साहेब लवकर घरी आले. शनिवारी बाजारात तपासणी होती, म्हणून खात्याची प्रमाणित वजनं गाडीतच होती. वीस-वीस किलोचे तीन लोखंडी ठोकळे! आता दुसरा कुणी असता तर सरळ यंत्रावर उभा राहिला असता. पण न तपासलेल्या काट्यावर पाय ठेवायचा म्हणजे साहेबांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं. त्यांनी धापा टाकत तिन्ही ठोकळे चार मजले वर आणले आणि यंत्रावर एकावर एक रचले.

साठ, दशांश चिन्ह, शून्य, शून्य!

साहेबांचे डोळे भरून आले. इतका प्रामाणिक काटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते त्या शून्यांकडे इतके भान हरपून बघत राहिले, की स्वयंपाकघरात ठेवलेला फोन दोनदा वाजला तरी त्यांना पत्ता लागला नाही.

मग ते स्वतः उभे राहिले. वय वर्षं एक्कावन्न. चरबी एकतीस टक्के. चयापचयाचं वय, त्रेसष्ट!

"बरोबरच असणार," साहेब खिन्नपणे म्हणाले. शून्य-शून्य दाखवणाऱ्या काट्याशी वाद कसला घालायचा?

रविवारी त्यांनी सहज बायकोचं खातं उघडलं आणि खुर्चीतच ताठ झाले. चरबी दोन टक्के. स्नायू सत्त्याण्णव टक्के. चयापचयाचं वय अठरा! विश्रांतीत जळणारी ऊर्जा, दिवसाला तीन हजार कॅलरी!

म्हणजे गुपचूप चढली! आणि निघाली ही अशी! त्यांनी दाराआडून पाहिलं. बायको दुपारची स्वेटर घालून झोपली होती. साहेब चक्क हात जोडून उभे राहिले. केवढा हा कारखाना! हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं, सगळी खाती सुट्टी न घेता चालू, आणि बाहेर साधी धुराची रेघ नाही! पंचवीस वर्षं आपण या बाईच्या शेजारी बसून जेवलो आणि आपल्याला कल्पना नाही!

तेव्हापासून घरात नवे नियम आले. त्यांच्या ताटात काकडी, बायकोच्या ताटात डोंगर.

"अहो, एवढं कोण खाणार?"

"तुझा कारखाना!"

"मला फार दमायला होतं हो हल्ली. जिने चढवत नाहीत."

"अशक्य!" साहेब आदराने म्हणाले. "सत्त्याण्णव टक्के स्नायू! तुला दम लागणं विज्ञानात बसत नाही!" आणि त्यांनी बाजाराच्या पिशव्याही आदरानेच तिच्या हातात दिल्या.

एवढ्यावर थांबले असते तर ते साहेब कसले! कचेरीच्या क्रीडादिनी सहकुटुंब रस्सीखेच होती. समोर अग्निशमन दल. साहेबांनी बायकोचं नाव सगळ्यात शेवटी, कमरेला दोर बांधून उभं राहणाऱ्याच्या जागी लिहून टाकलं.

"साहेब, तिथे दांडगा माणूस लागतो," शिपाई म्हणाला.

"आकडे बघितलेस का? आकडे?"

शिट्टी वाजली. एक हिसका बसला आणि बाई मटकन खाली बसल्या. उठेचनात! साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मैदानावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, थंडगार हात पाहिले, सुजलेल्या पापण्या पाहिल्या.

"पण यांचे आकडे तर बघा!" साहेबांनी फोन पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "चरबी दोन टक्के? अहो, हे माणसाचं शरीर नाही. नोंद कधीची आहे? शुक्रवार, संध्याकाळी सहा दहा."

"शुक्रवारी सहाला मी शाळेत पुस्तकं मोजत होते," बायको क्षीण आवाजात म्हणाली. "मी त्या यंत्रावर चढलेच नाही अजून."

शुक्रवार. सहा दहा. साठ, दशांश, शून्य, शून्य! मिलिग्रामचा मिलिग्राम तपासणाऱ्या माणसाने नोंदीची वेळ तेवढी तपासली नव्हती. त्यांनी कपाळाला हात लावला आणि सगळं कबूल केलं. अग्निशमन दल इतकं हसलं, की त्यांच्या हातातून जिंकलेला दोर सुटला.

रक्ताचा अहवाल तीन दिवसांनी आला. "थायरॉइड मंदावलंय," डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात समजावलं. "त्यामुळे चयापचयही मंद. थकवा, थंडी, सूज, सगळं त्याचंच. रोज एक गोळी, महिना-दोन महिन्यांत फरक वाटेल. घाबरू नका. मात्र सहा महिने या कशाच्या बळावर घर, नोकरी आणि चार मजले सांभाळत होत्या, ते मलाही सांगता येणार नाही."

साहेब बायकोकडे बघतच राहिले. लोखंडाचे आकडे पाहून त्यांनी हात जोडले होते. आता खरे आकडे समोर होते, आणि जोडायला हात उचलेनात. विझत आलेल्या आचेवर या बाईने दोन वेळचं सगळं शिजवलं, वर त्या पिशव्याही उचलल्या. त्यांना मनापासून लाज वाटली.

"चूक त्या यंत्राची आहे," ते कसेबसे म्हणाले. "त्याने तुला लोखंड समजलं."

"त्याला कशाला बोल लावता?" बायको शांतपणे म्हणाली. "ते तर पंधराच दिवसांपूर्वी आलंय घरात. पंचवीस वर्षं कोण समजतंय?"

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठीत एकाच गोळीचं नाव होतं, पण त्यांनी ते फार सावकाश लिहिलं.