दिवाकरभाऊंकडे खातं गेलं तो आठवडा

दिवाकरभाऊ तायडे एटीएममध्ये शिरतात ते छत्री उघडून. आत छपराखाली, मशीनसमोर, डोक्यावर काळी छत्री धरून ते उभे राहतात आणि बाहेरची रांग काचेतून हा देखावा बघत असते. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "वर कॅमेरा हाये."

"तो बँकेचाच आहे की, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीही त्या कटात सामील आहे. "कशावरून?"

हा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आहे. दूधवाला म्हणाला म्हशीचं दूध आहे, तर कशावरून? कंडक्टर म्हणाला गाडी मलकापूरला जाते, तर कशावरून? गाडी मलकापूरला पोचल्यावरसुद्धा ते स्टँडवरची पाटी वाचल्याशिवाय खाली उतरत नाहीत. राहतात मोताळ्यात, एकटे. पन्नाशी ओलांडलीय, लग्न केलेलं नाही. जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितात. त्यांचं सॉफ्टवेअरही त्यांच्यासारखंच. कापसाची गाडी काट्यावर चढली, वजन आलं, की ते विचारतं, 'नक्की?' हो म्हटलं, की पुन्हा विचारतं, 'गाडीवर कोणी बसलेलं तर नाही ना?' काट्यावरचे लोक वैतागतात, पण बदलत नाहीत.

मी बुलढाण्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्याशिवाय मी आणि सलीम असे दोघं मिळून सोशल मीडियावरचं एक सामाईक खातं सांभाळतो. सलीम मूळचा मलकापूरचा, आता पुण्यात नोकरीला. आपल्या भागातून निघालेली प्रोग्रॅमर मुलं-मुली त्या खात्यावर जमतात. दर सोमवारी खातं एका नव्या पाहुण्याच्या हातात द्यायचं. त्यानं आठवडाभर आपलं काम सांगायचं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि रविवारी संध्याकाळी खातं परत करायचं, अशी रीत. एका आठवड्याचा पाहुणा ऐनवेळी आजारी पडला आणि मला दिवाकरभाऊंची आठवण झाली. मी फोन केला.

"मलेच काऊन?" ते म्हणाले.

"तुमचं काम लोकांना बघायचंय."

"कोनाले?"

"हजारो लोक आहेत खात्यावर, भाऊ."

"कशावरून? तुमी त आकडा सांगून राह्यल्या. आकडा म्हंजे मानसं नाई."

तरीही ते तयार झाले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पासवर्ड फोनवर घ्यायला नकार देऊन ते एसटीनं बुलढाण्याला आले. मी कागदावर लिहून दिला. त्यांनी तो वाचला, डोळे मिटून ओठ हलवले, पुन्हा वाचला आणि कागदाचे तुकडे केले. अर्धे माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, अर्धे खिशात घातले. "हे मोताळ्याले टाकतो," म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले. चहा मीच केला होता, तरी.

सोमवारी सकाळी खात्यावर त्यांचं पहिलं वाक्य उमटलं. 'मी या आठवड्याचा पाहुणा. नाव सांगणार नाही.' त्यामागून दुसरं. 'तुम्ही खरी माणसं आहात हे कशावरून? माणूस असाल, तर आज घरी भाजी कोणती केली ते सांगा. फोटो नको, फोटो बनवता येतो.'

मी कपाळाला हात लावला. पण दुपारपर्यंत खात्यावर नुसता बाजार भरला. वांगं, गवार, डाळभाजी, शेवभाजी. आणि दिवाकरभाऊ एकेकाची उलटतपासणी घेत होते. जानेफळच्या एकानं मेथी सांगितली, तर यांनी विचारलं, 'एवढ्या उन्हाळ्यात मेथी?' तो म्हणाला, 'विहिरीला पाणी आहे, काका.' हैदराबादच्या होस्टेलातला एक मुलगा रोज पनीर सांगायचा. त्याला यांनी तिसऱ्या दिवशी मशीन ठरवलं. पोरगा रडकुंडीला आला. एका बाईनं लिहिलं, 'आज नवऱ्यानं केली, त्यामुळे कोणती ते सांगता येत नाही.' त्यावर यांचा शेरा, 'या खऱ्या.'

सलीमचा फोन आला. "ताई, हे काय चालू हाये? प्रोग्रॅमिंगचा पत्ता नाई. लोक मले विचारून राह्यले, हे खातं हाये का खानावळ?"

"बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं. पण ते फोन उचलेनात. बुधवारी मी खात्यात शिरायला गेले, तर पासवर्ड चालेना. त्यांनी तो बदलला होता.

"बघा," सलीम म्हणाला, "माणूस स्वतः एवढा संशयी काऊन असते? त्याच्या मनातच काही असते म्हणून."

"तसे नाहीत ते."

"कशावरून?" सलीमनं विचारलं. अशी खाती लोक विकून टाकतात, हे मी वर्गात स्वतःच शिकवते. त्यानंतर मला त्यांच्या प्रत्येक वाक्यात काहीतरी दिसायला लागलं. 'तुमचं गाव कोणतं?' असं ते एखाद्याला विचारत, तर मी म्हणे, हे गावांची माहिती कशाला गोळा करून राहिले? माझी भाषासुद्धा त्यांच्यासारखी व्हायला लागली होती.

रविवारची संध्याकाळ आली आणि गेली. खातं परत आलं नाही. पुढची पाहुणी पल्लवी होती, हिवरा आश्रमची. नागपुरात पहिली नोकरी. तिनं आठवड्याचं सगळं लिहून तयार ठेवलं होतं, गावात आईवडिलांनी चार जणांना सांगून ठेवलं होतं. तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, माझं रद्द झालं का? झालं असंल तर सांगा, मी घरी काहीतरी सांगीन."

सोमवारी सकाळी मी कॉलेजात रजा टाकली आणि राजूर घाट उतरून मोताळ्याला गेले. वाटेत सगळी भाषणं पाठ केली. पोलिसांचं नावही त्यात होतं.

दिवाकरभाऊंनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मागं कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर आमचंच खातं होतं.

"विकायला काढलं का?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"बसा," ते म्हणाले. "थोडे राह्यले वाचायचे."

"काय वाचायचे?"

"भाज्या."

मी बसले नाही. पल्लवीचं सांगितलं, सलीमचं सांगितलं, पोलिसांपर्यंत आले. ते खाली मान घालून ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "ताई, एवढ्या मानसाइले मी पुरावा मागतला. एकानं राग नाई धरला. सगळ्याइनं सांगतलं. हसून सांगतलं."

"मग?"

"दादानं नाई सांगतलं."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, चिखलीला असतो. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. मागच्या वर्षी त्यांना एका अनोळखी नंबरावरून फोन आला. 'दिवाकर, पोराचं लग्न ठरलं, चार दिवस आधीच ये.' आवाज दादाचाच होता.

"पन आजकाल आवाज बनवता येते," दिवाकरभाऊ म्हणाले. "म्हनून मी म्हनलं, दादा असशीन त सांग, आईच्या हातची कोनती भाजी तुले आवडे? तिकडून गपच. मंग म्हने, 'सख्ख्या भावाले पुरावा मागतं?' अन् फोन ठेवला. लग्न झालं. मी गेलो नाई. कोन्या तोंडानं जाऊ?"

मी खुर्चीत बसले.

"पुतन्या कॉम्प्युटरवाला हाये. तुमच्या या खात्यावर असन, मले वाटलं. त्यानं वाचलं, घरी सांगतलं, त दादा कोन्याबी नावानं एक शब्द लिहीन. अंबाडी. म्हनून एकेक उत्तर पाहून राह्यलो. अंबाडीवाले सापडले बी. त्याइले गाव विचारलं. चिखलीचं कोनी नाई." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "पासवर्ड बदलला, कारन मधातच तुमी खातं काढून घ्यान, अशी भीती वाटली."

पाठ केलेलं एकही भाषण मला आठवेना. मी म्हटलं, "भाऊ, सरळ फोन लावा ना त्यांना."

"मी दिवाकरच हाव, हे त्याले कसं पटन?"

मी टेबलावरचा त्यांचा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला. मग नंबर न बघता, एकेक आकडा दाबत त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू झाला होता. बंद कसा करायचा हे त्यांना त्या घटकेला सुचलं नाही.

"कोन?" तिकडून जाड आवाज आला.

"दादा, मी दिवाकर," ते म्हणाले. "अंबाडी."

"काय?"

"आईची अंबाडीची भाजी. तुले आवडे थे."

फोन कटला असं मला वाटलं. मग तो जाड आवाज म्हणाला, "अंबाडी तुले आवडे बे. मी हातबी लावत नोहतो. मले चवळी आवडे. तू माह्या ताटातली अंबाडी घे, अन् मी तुह्या ताटातली चवळी."

दिवाकरभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. वर्षभर ते ज्या उत्तराची वाट बघत होते, ते उत्तरच चुकीचं होतं. दादानं त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तरी यांनी त्याला खोटा ठरवला असता.

"हाव," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "चवळीच."

"जेवला का?" दादानं विचारलं.

त्यांनी मला खुणेनंच कॉम्प्युटरकडे बसवलं, नवा पासवर्ड हातावर बोटानं लिहून दाखवला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. मी खातं उघडलं, पल्लवीला कळवलं. दहाव्या मिनिटाला तिचा नमस्कार खात्यावर उमटला, आणि खाली कुणीतरी लगेच तिला विचारलंही, 'आज भाजी काय?'

माझी गाडी चुकली होती. दुसरीला वेळ होता, पण मला तिथं बसवेना. मी चपला घातल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं. आतून दिवाकरभाऊंचा आवाज येत होता. सूनबाईचं नाव काय ठेवलं, हे ते विचारत होते.