चंद्रावरचं पाणी आणि देवरामचा नारळ

देवरामच्या साडूची पोरगी चंद्रावर पाणी काढणार होती, आणि देवरामच्या गळ्याखाली तीन दिवस घास उतरत नव्हता.

देवराम सिन्नरचा पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून चालायचा. जिथं नारळ उभा राहील तिथं बोअर मारायची. निम्म्या तालुक्याने त्याच्या नारळाच्या भरवशावर जमिनीला भोकं पाडली होती, आणि त्यातल्या निम्म्या भोकांतून नुसता फुफाटा निघाला होता. तरी मान होता. आता त्याच्या साडूची, जयरामची, निकिता बंगळुरूला चंद्रावरचा बर्फ खणायचं यंत्र बनवत होती, म्हणून कॉलनीने तिचा सत्कार ठरवला. वर कोणीतरी म्हणालं, आपल्या नव्या बोअरची जागाही तिलाच विचारू.

"लोकांना अक्कल नाय," देवराम बायकोला म्हणाला. "गल्लीत पाणी दोन दिवसांआड, आन् टाळ्या चंद्रासाठी."

"आपल्याला तर रोज येतं," झुंबर भांडी विसळत म्हणाली.

"हळू बोल."

संध्याकाळी मैदानात खुर्च्या मांडल्या. निकिताने शाल खांद्यावर घेऊन सांगितलं, "चंद्र कोणत्याच देशाच्या मालकीचा नाही, असा करार आहे. पण तिथून खणून काढलेलं पाणी काढणाऱ्याचं, असं काही देश म्हणतात. भांडण तेच आहे."

"म्हंजे नळ समद्यांचा, मोटर ज्याची त्याची," रावजी मागून म्हणाला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म काढून रिटायर झालेला माणूस.

सगळे हसले. देवराम हसला नाही. तो उठला.

"चंद्रावरच्या पाण्याला हात लावलाय का कोणी?"

"यानांनी खुणा टिपल्यात, काका. खणणं बाकी आहे."

"तुमच्या त्या खुणा. आन् माझा नारळ म्हंजे अंधश्रद्धा."

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडावर दिसतंय."

त्याने पिशवीतून नारळ काढला. खरं सांगायचं तर नारळावर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता. म्हणून तो इकडेतिकडे न फिरता सरळ कोपऱ्यातल्या लिंबाखाली गेला. तिथं पाणी होतंच. मेन लाइनीतून चोरून घेतलेला पाइप दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यानेच तिथून आपल्या घरात नेला होता. नारळ उभा राहिला. टाळ्या पडल्या.

इथं त्याने खाली बसायला हवं होतं. पण जळणारा माणूस वेळेवर बसत नाही.

"किती फुटांवर हाय?" जयरामने विचारलं.

"वरच. त्यासाठी चंद्रावर जायला नको."

"वरच हाय तर आत्ताच बघू की. लखन, टिकाव आण."

"आत्ता नको. मुहूर्त बघावा लागतो."

"साडूबुवा, पाणी लागलं तर शाल तुम्हालाच घालू." जयराम हे अगदी मनापासून म्हणाला. त्याला कसलाच हेवा वाटत नव्हता, आणि देवरामला तेच सहन होत नव्हतं.

खुर्च्या मांडणाऱ्या लखनने टिकाव उचलला. देवराम भोवती घिरट्या घालू लागला. "जरा डावीकडं घे. मघाशी नारळ हलला होता."

"उभा होता तिथंच खण रं," रावजी म्हणाला.

चौथ्या घावाला फवारा उडाला तो थेट निकिताच्या शालीपर्यंत. लोकांनी देवरामला हात जोडले. एकाने पाय धरले. एवढ्यात समोरच्या गच्चीवरून झुंबरचा आवाज आला.

"अहो, आपली मोटर कोरडी फिरायली. लिंबाखालचा पाइप कोणी फोडला का बघा की."

सगळ्यांच्या नजरा लिंबापासून निघाल्या आणि देवरामच्या ओट्यावर जाऊन थांबल्या. तो शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला.

रावजी जवळ आला. कानाशी लागला. "किती इंची हाय?"

"पाऊण."

"कोणाकडून घातला?"

त्याच्या मागे आणखी दोघं सरकले. मग चौघं. सगळ्यात शेवटी जयराम. तीन दिवस दाढी करताना आरशात दिसलेले जळके डोळे देवरामला आता साडूच्या तोंडावर दिसले. तिकडे निकिता एकटीच शाल पिळत उभी होती. बोअरचं तिला कोणी विचारलं नाही.

घरी येऊन देवराम दोन भाकरी जास्त जेवला.