नाव मागाहून कळवू

"लीगमधले सगळ्यात वाईट जनरल मॅनेजर तुम्हीच," असं प्रेस्टनने सोमवारी सकाळी डेल हुडाकला सांगितलं, आणि तेही डेलच्याच खोक्यातला डोनट खात. प्रेस्टन हा मालकांचा जावई. सासऱ्यांच्या गाद्यांच्या कारखान्यात त्याला कोणी कशाला हात लावू देईना, म्हणून तो आता त्यांच्या सँडस्की फेरीमेन या बेसबॉल क्लबात लक्ष घालत होता. जावई हा दहावा ग्रह, तो ओहायोतही चुकत नाही.

कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता द्यायचा, हे इथे वर्षानुवर्षं डेल ठरवत आला होता. प्रेस्टनने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"हे माझं सूत्र, लीगमधल्या सगळ्या मॅनेजरांना लावलेलं. तुम्ही दिलेला खेळाडू दुसरीकडे चमकला, की तुमचे गुण कापायचे. तुमच्याकडे आलेला चमकला, की वाढवायचे. मनाचं काही नाही, सगळं गणित."

"अरे, मार्कोची आई आजारी होती. तिच्या गावाजवळ जाऊ द्या म्हणाला, म्हणून सोडला त्याला."

"तिथे तो होमरनवर होमरन ठोकतोय. वजा."

"बरं, आणि हे एवढे अधिक कशाचे?"

"रस्टीचे. तुम्ही त्याला दिलंत आणि लगेच त्याचा पाय मोडला. काय निर्णय होता!"

"तो घराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडला! त्यात माझी काय अक्कल?"

"सूत्रात शिडी नाही," प्रेस्टन म्हणाला आणि त्याने दुसरा डोनट उचलला.

दुपारी मालक ऑरविल टोमचाक स्वतः आले. "डेल, मी गाद्या विकणारा माणूस. बेसबॉल मला कळत नाही, पण शेवटचा नंबर कळतो. सीझन संपेपर्यंत प्रेस्टनच्या यादीत वर ये, नाहीतर खुर्ची सोड."

 साठीला टेकलेल्या डेलला दुसरं काहीच येत नव्हतं. घरी बसलो, तर बायको आपल्याला आठवड्याभरात कोणालातरी देऊन टाकेल, अशी त्याला रास्त भीती होती.

विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की सूत्राला हुशारी नकोच आहे. दिलेला माणूस दुसरीकडे वाईट खेळला की झालं. आणि दुसरीकडे हमखास वाईट खेळेल असा एकच गडी होता, ड्वेन पिकेट. हा म्हातारा कॅचर, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू झेलणारा. त्याचे गुडघे कुरकुरायचे, पण आपल्या पिचरच्या नुसत्या खांद्यावरून चेंडू कुठे येणार ते तो ओळखायचा. परक्या पिचरांपुढे त्याची त्रेधा उडणार, हे नक्की होतं.

डेलने अ‍ॅश्टाब्यूलाच्या क्लबाच्या मॅनेजरला, वेंडेलला, फोन लावला.

"पिकेट देतोस?" वेंडेल हरखला. "बदल्यात कोण हवाय?"

"घाई नाही. नाव मागाहून कळव."

बेसबॉलमधली ही जुनीच रीत. आज आमचा माणूस न्या, तुमचा कोणता द्यायचा ते सावकाश ठरवा.

ड्वेनने मात्र ऐकल्यावर चेंडू झेलताना घालायचा मुखवटा तोंडावरून काढला. मग म्हणाला, "कोणाच्या बदल्यात दिलंस मला?"

"ते अजून ठरायचंय."

"म्हणजे कोणाच्याच नाही." त्याने मुखवटा पिशवीत टाकला आणि तो निघाला. डेलला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्याला डोनटही गेला नाही.

बाकी सगळं ठरल्यासारखं झालं. अ‍ॅश्टाब्यूलात चेंडू ड्वेनच्या डावीकडून, उजवीकडून आणि एकदा तर दोन पायांमधून गेले. डेलचे गुण चढले. इकडे ड्वेनवाचून बावरलेले फेरीमेन धडाधड हरत होते, पण ते पाप सूत्राने पिचरांच्या माथी मारलं.

मग वेंडेलचा फोन आला. "नाव ठरलं बाबा. ड्वेन पिकेट."

"अरे, तो तर मीच दिलेला!"

"म्हणूनच म्हणतो, तुझं रत्न तुलाच लखलाभ!"

गुण गेले, खुर्चीही गेली, असं डेल धरून चालला. तरी ड्वेन गाडीतून उतरताना दिसला, तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं. ड्वेनने त्याला एक शिवी हासडली आणि तो सरळ मैदानात गेला. पिचरांच्या जिवात जीव आला आणि फेरीमेन जिंकू लागले.

एके सकाळी प्रेस्टन धावतच आला. "गेलेला पिकेट भिकार, आलेला पिकेट झकास! सीझनमधली सगळ्यात भारी अदलाबदल! तुम्ही पहिले आलात!"

"अरे, तो एकच माणूस आहे!"

"सूत्र नावं बघत नाही. त्याने पक्षपात होतो."

डेल सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो, तोच मालक हात पुढे करून आत आले. "अभिनंदन! आता ऐक. आमचा प्रेस्टन म्हणतो, भाव चढलेला असतानाच माल विकावा. पहिल्या नंबरचा माणूस पुढे घसरणारच ना? म्हणून तुला अ‍ॅश्टाब्यूलाला दिलंय."

"मला? आणि बदल्यात?"

"एक मॅनेजर. नाव मागाहून कळवतायत."

डेल टेबल आवरू लागला. त्याचा कॉफीचा मग खोक्यात जाणार, एवढ्यात लोरेटाने तो काढून घेतला. ती क्लबाची जुनी सेक्रेटरी.

"हा मग राहू द्या इथेच."

"अगं, नवा मॅनेजर येईल ना?"

"येईल की. त्याला साखर किती लागते, तेही मला ठाऊक आहे," लोरेटा मग पुसत म्हणाली. "तुम्ही तिकडे फक्त काही धड करू नका."